बुजणे, बिथरणे, उधळणे : चाळीतील मुले आणि गावाकडील गुरे

प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनी भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेलेली शहरी मुले माळावर किंवा बांधावरून हिंडताना चरत्या गुरांना खडे मारतात, वासरामागे धावतात, डबक्यात बसलेल्या म्हशीला काठीने उठवतात, कुत्र्याला 'छू' करून शेळ्यांच्या कळपात सोडतात. आणि सोबतची वडील माणसे 'पोरेच ती, खेळायचीच' असे म्हणून तिकडे काणाडोळा करतात. हा प्रश्न शिस्तीचा आहे, फार तर पशुसंवर्धनाचा आहे, असे कोणीही म्हणेल. परंतु या वर्तनाच्या मुळाशी एक भाषिक घटना आहे. गुरांच्या संगतीत घडलेले मराठी शब्द शहरात टिकले. मात्र त्यांचा अर्थ गुरांवरून निघून माणसांवर स्थिरावला. शब्द राहिला, पण त्यात साठविलेली सूचना हरवली. ती सूचना कोणती होती आणि ती हरवल्याने काय घडते, हे येथे पाहावयाचे आहे.

१

उदाहरणासाठी वरळीच्या बी. डी. डी. चाळी घेऊ. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हे खाते निघाले आणि त्या दशकात त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. तळमजला व वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या आणि खोलीचे क्षेत्र सुमारे १६० चौरस फूट, अशी त्यांची रचना. गिरण्यांत, गोदीत व नगरपालिकेत राबणारी कोकणातील आणि घाटावरील कुटुंबे तेथे राहू लागली. कोकणात अशा माणसाला 'चाकरमानी' म्हणतात. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. त्यात माणसाची चाकरी मुंबईची असली तरी माणूस गावचाच मानला जातो.

चाळीत आलेल्या पहिल्या पिढीतील पुष्कळांनी लहानपणी स्वतः गुरे राखली होती. त्यांच्या तोंडी 'बुजणे', 'ओढाळ', 'लोढणे' हे शब्द अनुभवातून आलेले होते. पुढील पिढ्यांना गाव भेटले ते मुख्यतः गणपतीत आणि मे महिन्यात. दूध मात्र रोज येत होते. गोरेगावजवळ १९४९ साली आरे दूध वसाहत स्थापन झाली आणि मुंबईचे गोठे तेथे हलविण्यास आरंभ झाला. म्हणजे चाळीतील मुलाला बाटलीतील दूध ठाऊक झाले आणि म्हैस मात्र नजरेआड गेली. आज चाळीही बदलत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तथापि सुटीतील गावची वाट बंद झालेली नाही.

२

आता शब्दांकडे वळू. 'मुलगा फार बुजरा आहे', 'तो एकदम बिथरला', 'पैसा उधळला', 'तिला वेसण घाला', 'गळ्यात लोढणे अडकले', 'दावणीला बांधले', 'पोरे मोकाट सुटली', 'त्याच त्या गोष्टीची रवंथ चालली आहे', 'मायेचा पान्हा फुटला', ही वाक्ये चाळीतील कोणत्याही घरात कानी पडतील. यांतील प्रत्येक प्रमुख शब्द गोठ्यातला वा रानातला आहे आणि प्रत्येक वाक्याचा विषय मात्र माणूस आहे. लक्षणेने अर्थ पसरणे ही भाषेची नित्याची गती होय. तिच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु मूळ वस्तू डोळ्यांसमोरून गेली की लाक्षणिक अर्थ हाच मुख्यार्थ होऊन बसतो. चाळीतील मुलाला 'लोढणे' म्हणजे नकोशी जबाबदारी हे कळते. ओढाळ गुराने दुसऱ्याच्या पिकात धावू नये म्हणून त्याच्या गळ्यात अडकविलेला तो लाकडाचा ओंडका होय, हे कळत नाही. साहजिकच गळ्यात लोढणे असलेले जनावर दिसले तर 'हे ओढाळ आहे, ह्याच्या पाठी लागू नये' ही सूचना त्याच्यापर्यंत पोचत नाही.

'गाय' या शब्दाचीच गत पाहावी. 'ती अगदी गाय आहे', 'गरीब गाय, पोटात पाय' अशा प्रयोगांनी शहरी मनात गाय म्हणजे सोशिकपणा हे समीकरण पक्के होते. वास्तविक, 'दुभत्या गाईच्या लाथा गोड' ही म्हण रचणाऱ्या समाजाला गाय लाथ मारते हे चांगले माहीत होते. पहिली उक्ती शहरात टिकली ती माणसाचा स्वभाव सांगण्यासाठी आणि दुसरी टिकली ती व्यवहार सांगण्यासाठी. गाईविषयीचे ज्ञान दोहोंतूनही गळाले.

३

या ज्ञानाची सूक्ष्मता क्रियापदांत विशेष दिसते. जनावराच्या भीतीचे मराठीने पायरीपायरीने वर्णन केले आहे. प्रथम ते 'कान टवकारते'. म्हणजे त्याने चाहूल घेतली. मग 'बिचकते'; म्हणजे क्षणभर दचकून मागे सरते. त्यानंतर 'बुजते', म्हणजे भीती मनात घर करते आणि ते त्या माणसाला किंवा जागेला टाळू लागते. (खड्डा 'बुजणे' हे क्रियापद अर्थाने निराळे आहे.) त्यापुढे 'बिथरते', म्हणजे नेहमीचा धनीही त्याला आवरू शकत नाही. अखेर एक तर ते 'उधळते', नाही तर 'अंगावर येते'. या क्रमात पहिल्या दोन पायऱ्यांवर मागे फिरणे सोपे असते. तिसरीनंतर ते अवघड होते. ज्याला ही क्रियापदे मूळ अर्थाने अवगत आहेत, तो कान टवकारलेले पाहूनच थांबतो. ज्याला ती अवगत नाहीत, त्याला फक्त 'पळाली' एवढेच दिसते आणि पळणे म्हटले की पाठलाग हा खेळ सुचतो.

नामांचेही तसेच आहे. गाभण, व्यालेली, दुभती, भाकड; पाडी, कालवड; गोऱ्हा, खोंड, बैल, वळू. शहरी मूल यांतील बहुतेकांना 'गाय' किंवा 'बैल' म्हणून मोकळे होते. पण खच्ची केलेला बैल आणि वळू यांच्या स्वभावात जे अंतर आहे, ते त्यांच्याजवळून जाणाऱ्याच्या जिवाशी संबंधित आहे. 'व्यालेली' हे विशेषण तर उघड इशाराच होय. एरवी शांत असलेली गाय वासरू लहान असताना अनोळखी माणसाला, त्यातही कुत्रा बरोबर असलेल्याला, शिंगावर घेण्यास कमी करत नाही.

४

या शब्दांमागील निरीक्षण आधुनिक शास्त्रानेही खरे ठरविले आहे. गाईगुरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने त्यांना सभोवारचे बरेचसे दिसते. मात्र नेमके पाठीमागचे दिसत नाही आणि समोरचे अंतर नीट अजमावता येत नाही. म्हणून मागून धावत आलेले मूल त्यांच्या दृष्टीने एकाएकी उपजलेला धोका असतो. लाथ बसते ती अशा वेळी. तसेच प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य मर्यादा असते. तिच्या आत परका शिरला की ते दूर सरते. अडचणीत सापडले, सरायला जागा उरली नाही, तर उलटते.

'पान्हा चोरणे' या वाक्प्रचाराची कथा विशेष उद्बोधक आहे. घाबरलेली गाय कासेत दूध असूनही देत नाही. धारा काढणाऱ्यास ते ती मुद्दाम लपवते असे वाटले आणि भाषेने तिला चोर ठरविले. १९४१ साली अमेरिकेतील इली व पीटरसन या संशोधकांनी याची परीक्षा केली. त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले, तिच्याजवळ कागदी पिशव्या फोडल्या आणि दूध उतरणे अडते असे दाखविले. कास पिळवटून दूध खाली आणणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक आणि भीतीच्या वेळी स्रवणारे ॲड्रिनलिन यांचा हा विरोध आहे. सायंकाळच्या धारेपूर्वी मुलांनी गाय पळविली, तर घरच्या चरवीत त्याचा परिणाम दिसतो तो यामुळे.

गाभण जनावराच्या बाबतीत हानी याहून मोठी. गाईचा गर्भकाळ सुमारे ९ महिन्यांचा, म्हशीचा १० महिन्यांहून किंचित अधिक, शेळीचा ५ महिन्यांचा असतो. भरलेल्या दिवसांत पळताना पडणे किंवा पोटाला मार बसणे गर्भाला धोक्याचे असते. कोकणात दगडी गडगे, उतार आणि कठडा नसलेल्या विहिरी ठायी ठायी आहेत. उधळलेले जनावर कोठे जाऊन आदळेल ते सांगता येत नाही. म्हशीच्या काळ्या कातडीत घर्मग्रंथी कमी असल्याने मे महिन्याच्या दुपारी पाण्यात बसणे ही तिची शारीरिक गरज आहे. तिला उठवून पळविणे ही थट्टा नव्हे. बसलेली गाय रवंथ करीत असते, म्हणजे सकाळी खाल्लेला चारा पचवीत असते. तिला रिकामी बसलेली समजणे हा शहरी नजरेचा दोष होय.

५

येथे माणसाच्या कृतीची क्रियापदे तपासणे उचित होईल. 'हाकणे' आणि 'हाकलणे' यांचे मूळ एकच. दोहोंत 'हाक' आहे. परंतु हाकणारा जनावराला कोठे तरी नेतो. हाकलणारा केवळ दूर करतो. गुराख्याच्या कामाला 'गुरे वळणे' म्हणतात. कळपाच्या बाजूने जाऊन त्याचे तोंड फिरविणे, हा त्याचा शब्दशः अर्थ आहे. मागे लागणे त्यात कोठेच नाही. 'राखणे' व 'चारणे' याही क्रिया संथ आहेत. यांच्या उलट 'डिवचणे', 'पिटाळणे', 'खोडी काढणे' हे शब्द भाषेने निंदेसाठी राखून ठेवले आहेत. एकाच कृतीला मुलांचे वडील 'खेळ' म्हणतात आणि जनावराचा धनी 'खोडी' म्हणतो. या दोन शब्दांत दोन पक्ष उभे आहेत. 'मांजराचा होतो खेळ, पण उंदराचा जातो जीव' या म्हणीने हा वाद पूर्वीच निकालात काढला आहे.

मग धनी बोलत का नाही? याचेही उत्तर संबोधनात सापडते. खडे मारणारे मूल बहुधा त्याच्या भावकीतले किंवा वाडीतल्या पाहुण्याचे असते. ते त्याला 'काका' किंवा 'आजोबा' म्हणते. चार दिवसांसाठी आलेल्या चाकरमान्याच्या पोराला रागे भरणे हे नात्याला सोडून होईल असे त्याला वाटते. तो 'असू दे, लहान आहे' म्हणतो. मुलाचा बाप हे वाक्य परवानगी म्हणून ऐकतो. वस्तुतः ते सौजन्य असते, परवानगी नसते. एकच वाक्य दोन घरांत दोन अर्थांनी ऐकले जाते आणि त्याची किंमत मुक्या जनावराला व त्याच्या धन्याला मोजावी लागते.

कायद्याची मदत येथे थोडी आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात जनावरास मारणे, लाथाडणे, यातना देणे हा अपराध ठरविला आहे. पहिल्या अपराधास दंड मात्र १० ते ५० रुपये इतकाच आहे. सात वर्षांखालील मुलाची कृती तर कायद्याने अपराधच होत नाही. १९७६ साली संविधानात घातलेल्या मूलभूत कर्तव्यांत सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचा उल्लेख आहे. परंतु कर्तव्य शिकवावे लागते. इंग्लंडात १९५१ साली रानावनांत फिरणाऱ्यांसाठी 'कंट्री कोड' नावाचे छापील नियम काढण्यात आले. महाराष्ट्रात अशी संहिता छापण्याची गरज पूर्वी भासली नाही, कारण ती बोलण्यातच होती. 'व्यालेली आहे, लांबून जा', 'बुजेल, धावू नको', 'मारकी आहे, समोरून जाऊ नको' ही वाक्येच ती संहिता होती आणि ती बांधावर उभ्या असलेल्या आजोबांच्या तोंडून मिळत असे. आता महाराष्ट्र शासनाच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानंतर जेथे नातेही नाही आणि आजोबाही नाहीत अशा शेतांवर मुले जाऊ लागली आहेत. त्यामुळे हा प्रश्न चाकरमान्यांपुरता राहिलेला नाही.

६

उपाय अवघड नाही. मुलाला बांधावर नेणाऱ्या वडील माणसाने प्रथम त्या रानातील जनावरांची नावे धन्याला विचारावीत : गाभण कोणती, व्यालेली कोणती, मारके कोण, बुजरे कोण. ती मुलासमोर विचारावीत, म्हणजे शब्द आणि जनावर एकदम त्याच्यापुढे येतील. चालताना जनावराला दिसेल अशा बाजूने जावे, आई आणि वासरू यांच्यामध्ये शिरू नये, कुत्रा असल्यास बांधून धरावा, कान टवकारलेले दिसताच उभे राहावे. धनी 'असू दे' म्हणाला तरी मुलाला मागे बोलवावे. हे काम बापानेच करावयाचे आहे. धन्याला ते नात्यामुळे करता येत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांसाठीही येथे काम पडलेले आहे. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) गुराढोरांचे शब्द मुबलक आहेत. परंतु कोशात अर्थ मिळतो. ते शब्द बांधावर कोणी, कोणाला, कोणत्या क्षणी उच्चारले हे मिळत नाही. ज्यांनी स्वतः गुरे राखली असे वृद्ध वरळीच्या नव्या घरांत अजून आहेत. क्षेत्रकार्यास जाणाऱ्याने त्यांच्याकडून नुसते शब्द न घेता ते वापरण्याचे प्रसंगही उतरून घ्यावेत, आणि शक्य तर त्या वेळी घरातील नातवंडांनाही जवळ बसवावे.