मानेच्या दुखापतीनंतर उडालेली झोप

वसईच्या पश्चिम पट्ट्यात बावखलात सूर मारण्याची हौस जुनीच आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलेले असते, वरून ते कळत नाही आणि डोके तळाशी आपटते. कुणी माडावरून पडतो, कुणी गर्दीच्या लोकलच्या दारातून. अशा अपघातात मानेचा मणका मोडून आतल्या मज्जारज्जूला जबर इजा झाली, तर दोन्ही हात आणि दोन्ही पाय लुळे पडतात. डॉक्टर त्याला क्वाड्रिप्लेजिया म्हणतात. रुग्ण घरी आला की भेटायला येणारे "हात हलतो का?" असे विचारतात. झोप लागते का, हे कुणी विचारत नाही.

मीही विचारले नव्हते. अशाच एका तरुणाची आई दवाखान्यात आली. "डॉक्टर, पोरगा रात्रभर पंख्याकडे बघत पडलेला असतो. दिवसा मात्र बोलता बोलता डोळे मिटतात. झोपेची एखादी गोळी द्या ना." एवढा मोठा आघात, विचार करकरून झोप उडाली असणार, असे मी धरून चाललो आणि गोळी लिहून दिली. आठवड्याने मावशी परत आल्या. "घोरणं वाढलंय. आणि मधेच घोरणं थांबतं ना, तेव्हा मी उठून त्याच्या नाकाशी बोट धरते." ती गोळी मी तिथल्या तिथे बंद केली.

चूक काय झाली ते सांगतो, कारण ती अनेक घरांत होते. या रुग्णांचे छातीचे आणि पोटाचे स्नायू श्वासाला साथ देत नाहीत, सगळा भार एकट्या श्वासपटलावर असतो. नाकही बऱ्याचदा चोंदलेले राहते. त्यात झोपेत घसा सैल पडला की हवेची वाट बंद होते, श्वास काही सेकंद थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. रात्रभर हेच चालते. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. मानेच्या दुखापतीच्या रुग्णांत तो इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि अपघातानंतर काही आठवड्यांतही सुरू होऊ शकतो. झोपेच्या गोळीने आणि दारूने घसा आणखी सैल पडतो. म्हणजे मी औषध दिले ते नेमके उलटे!

मोठे घोरणे, मधे श्वास अडकणे, सकाळी डोके जड, दिवसा पेंग ही लक्षणे दिसली तर आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. ती मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत होते. करोनापासून अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. तो झोपेत लावून पाहावा, आकडा वारंवार खाली जात असेल तर लिहून ठेवून डॉक्टरांना दाखवावा. दिवसाचा आकडा चांगला आला म्हणून निश्चिंत राहू नये. उपाय म्हणून मुखवट्यातून दाबाने हवा देणारे सी-पॅप यंत्र वापरतात. मात्र रुग्णाला तो मुखवटा स्वतः काढता येत नाही, म्हणून हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवेच.

दुसरे कारण मोठे गमतीचे आहे. अंधार पडला की मेंदूतली एक छोटी ग्रंथी मेलाटोनिन नावाचे झोपेचे रसायन सोडते. ग्रंथी मेंदूत, मग मानेच्या इजेचा तिच्याशी काय संबंध? तर अंधार झाल्याचा निरोप मेंदूतून निघून मानेतून खाली छातीपर्यंत जातो आणि तिथून पुन्हा वर येऊन ग्रंथीला मिळतो. विरारहून नालासोपाऱ्याला जायला आधी दादर गाठावे, तसा प्रकार! मानेत मज्जारज्जू पूर्ण तुटला असेल तर हा निरोप पोहोचतच नाही. मेलाटोनिनच्या गोळ्या मिळतात, काहींना त्यांचा उपयोग होतो, सर्वांना नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. सकाळी खाट उजेडात न्यावी, रात्री दिवा आणि टीव्ही वेळेवर बंद करावा, एवढे तर बिनपैशांचे आहे.

उरलेली झोप घरातली कामे मोडतात. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते. दिवसभर खुर्चीत बसल्याने पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर लघवीवाटे निघू लागते, म्हणून दुपारी तासभर पाय उंच करून झोपवावे. पाणी सकाळ-दुपार भरपूर द्यावे, संध्याकाळनंतर बेताने. हातपाय आखडतात त्यासाठी बॅक्लोफेन चालू असेल तर ते मनाने एकदम बंद करू नये. इजेच्या खाली घाम येत नाही, म्हणून मे महिन्यात वीज गेली की अंग तापते. ओल्या फडक्याने पुसावे. विजेवरची हवेची गादी असेल तर तिच्याखाली जाड फोम ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर अंग थेट फळीवर येते. मच्छरदाणी विसरू नये. गालावर डास बसला तर त्याला हाकलायला हात उठत नाही.

एक गोष्ट मात्र झोपेची समजू नका. रात्री एकाएकी डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, कपाळावर घाम फुटला, तर ते वाईट स्वप्न नव्हे. बहुधा लघवीची नळी मुडपलेली किंवा तुंबलेली असते, किंवा शौच अडकलेले असते, आणि रक्तदाब भलताच चढलेला असतो. रुग्णाला आधी उठवून बसवा, कपडे सैल करा, नळी तपासा. लगेच उतार पडला नाही तर थेट रुग्णालय गाठा.

मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. महालक्ष्मी स्थानकावरून तिथे जाता येते. अशा रुग्णाला एकदा तरी तिथे दाखवावे.

त्या तरुणाची तपासणी झाली, यंत्र आले, पहिले पंधरा दिवस त्याने खूप कुरकुर केली, मग सवय झाली. खरी अडचण मावशींची होती. सात महिने त्यांनी सलग तीन तास झोप घेतली नव्हती. आता दोनच्या कुशीचे काम धाकट्या मुलाने घेतले आहे. "तो गजर लावतो," मावशी म्हणाल्या, "पण गजर वाजायच्या आधी मीच जागी होते."