यंत्रमानवाचा अपघात आणि भरपाईची जबाबदारी

दिनांक 25 जानेवारी 1979 रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, फोर्ड कंपनीच्या फ्लॅट रॉक येथील ओतशाळेत, यांत्रिक हाताचा तडाखा बसून एक तरुण कामगार ठार झाला. सुटे भाग काढून देण्याचे काम त्या यंत्राकडे होते. ते नीट होईना म्हणून तो स्वतः फडताळावर चढला होता. 1983 साली ज्यूरीने त्याच्या कुटुंबास 1 कोटी डॉलर भरपाई देवविली आणि ती यंत्र तयार करणाऱ्या कंपनीकडून. यंत्रमानवामुळे मनुष्यहानी झाल्याची ही पहिली नोंद मानली जाते.

असे अपघात परदेशातच घडतात असे नव्हे. 2015 मध्ये हरियाणातील मानेसर येथे एका कारखान्यात यंत्रमानवामुळे कामगाराचा मृत्यू झाला. पुणे-चाकण परिसरातील वाहन कारखान्यांतही वेल्डिंग करणारे यांत्रिक हात आता नवलाईचे राहिलेले नाहीत.

कायद्याच्या दृष्टीने यंत्रमानव ही व्यक्ती नव्हे, वस्तू होय. तिच्यावर दावा लावता येत नाही. त्यामुळे 'यंत्राने आपणहून निर्णय घेतला' असे म्हणून कोणालाही हात झटकता यावयाचे नाहीत. प्रश्न उरतो तो मालक, निर्माता की यंत्र बसवून देणारा, एवढाच.

कामगाराला सर्वांत जवळचा आधार मालकाच्या दायित्वाचा आहे. 1923 च्या भरपाई कायद्याने घालून दिलेले तत्त्व 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कायम असून ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली आहे. इजा कामामुळे व कामाच्या ओघात झाली एवढे दाखविले की पुरे; मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. यंत्राचा प्रोग्राम कोठे चुकला याची उकल करण्याचे ओझे मृताच्या पत्नीवर पडत नाही, हा लाभ लहान नव्हे. कामगार मद्याच्या अंमलाखाली होता किंवा त्याने संरक्षक कठडा हेतुतः काढला, असा बचाव मालकास घेता येतो. परंतु मृत्यू अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तोही चालत नाही. राज्य कामगार विमा योजनेतील कामगारास मात्र हे लाभ मालकाऐवजी विमा महामंडळाकडून मिळतात.

घरगुती यंत्राची गोष्ट वेगळी. फरशी पुसणाऱ्या यंत्राने इजा केल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये निर्माता, विक्रेता किंवा सेवा देणारा यांच्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. रचनेतील दोष आणि अपुऱ्या सूचना ही दोन्ही कारणे तेथे ग्राह्य आहेत. खरेदीनंतर यंत्रात फेरफार केला असेल तर दावा टिकणे कठीण. व्यापारी कामासाठी घेतलेल्या यंत्रांना हा मार्ग सहसा खुला नसतो. कारखान्याने यंत्राच्या निर्मात्यास जाब विचारावयाचा तर करार किंवा दिवाणी न्यायालय.

संगणकीय आज्ञावलीचे काय? युरोपीय संघाने 2024 च्या निदेशाने आज्ञावलीसही 'उत्पादन' ठरविले असून सदस्य राष्ट्रांनी तो 9 डिसेंबर 2026 पर्यंत लागू करावयाचा आहे. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही.

दाव्याचा निकाल पुष्कळदा पुराव्यावर ठरतो. अनेक यंत्रांचे नियंत्रक आपल्या हालचालींची नोंद ठेवतात. अपघातानंतर यंत्र पुन्हा चालू करण्यापूर्वी ती नोंद सुरक्षित ठेवण्याची लेखी मागणी कामगार संघटनेने किंवा वारसांनी त्याच दिवशी करावी.