व्यावसायिक वाहनचालक आणि रस्त्यावरील धोक्यांची पोलिसांस खबर : कायदा, व्यवहार आणि अविश्वास

प्रस्तावना

दि. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुराच्या लोंढ्यात वाहून गेला. जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी बसगाड्या आणि काही खाजगी वाहने अंधारात नदीपात्रात गेली. पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका कामगाराच्या हा प्रकार लक्षात आला. त्याने येणारी वाहने थांबविली व पोलिसांपर्यंत खबर पोहोचविली. पूल पडल्यापासून वाहतूक थांबेपर्यंतचा काळ थोडाच होता. परंतु त्या थोड्या काळात मागून येणाऱ्या प्रत्येक वाहनाचे भवितव्य कोणीतरी, कोणालातरी, वेळेत सांगण्यावर अवलंबून होते.

रस्ता सुरक्षेसंबंधी आपल्याकडे होणारी चर्चा बहुधा वेगमर्यादा, हेल्मेट, मद्यपान व दंडाची रक्कम यांभोवती फिरते. धोका प्रथम कोणाला दिसतो आणि त्याची खबर कोठवर जाते, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित आहे. प्रस्तुत लेखात व्यावसायिक वाहनचालकांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे. व्यावसायिक वाहनचालक या संज्ञेत एसटीचे चालक, ट्रक, टँकर व टेम्पोचे चालक, शाळेच्या बसचे व रुग्णवाहिकेचे चालक, तसेच हंगामात ऊस वाहणारे ट्रॅक्टरचालक यांचा समावेश येथे अभिप्रेत आहे.

चालकाला काय दिसते

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती. राष्ट्रीय महामार्ग एकूण रस्त्यांच्या लांबीत सुमारे दोन टक्के भरतात, परंतु त्या वर्षीच्या मृत्यूंपैकी ३६ टक्क्यांहून अधिक मृत्यू त्यांच्यावर झाले.

धोक्याची ठिकाणे निश्चित करण्याची शासकीय पद्धत येथे लक्षात घेण्याजोगी आहे. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा तीन वर्षांत दहा मृत्यू झाले, म्हणजे ते ठिकाण 'ब्लॅक स्पॉट' ठरते. म्हणजेच धोक्याची नोंद मृतांच्या संख्येवरून होते. जेथे दररोज दोन वाहने थोडक्यात वाचतात, ते ठिकाण या व्याख्येत कधीच येत नाही. ते ठाऊक असते फक्त त्या मार्गावरून रोज जाणाऱ्या चालकाला.

या धोक्यांचे स्वरूप प्रदेशानुसार व ऋतूनुसार बदलते. कशेडी, आंबेनळी, कसारा या घाटांत पावसाळ्यात मोठी दरड कोसळण्यापूर्वी बहुधा लहान दगड व माती रस्त्यावर येऊ लागते. पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगाम सुरू झाला की उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, परावर्तक नाही, अशा रात्रभर रस्त्यावर असतात. दुभाजक फोडून ढाब्याकडे काढलेली वाट, उतारावर सांडलेले डिझेल आणि विरुद्ध दिशेने येणारी दुचाकी हे तर बारमाही धोके आहेत.

बंद पडलेल्या ट्रकचा प्रकार स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. परावर्तक त्रिकोण गाडीत असतोच असे नाही, म्हणून चालक मागे दगड मांडतो व झाडाची फांदी लावतो. ही त्याची प्रामाणिक सूचना असते. दुरुस्ती झाल्यावर ट्रक निघून जातो, दगड मात्र तेथेच राहतात, आणि सूचना म्हणून ठेवलेली वस्तूच पुढच्या दुचाकीस्वारासाठी धोका ठरते. महाविद्यालयात ये-जा करणाऱ्या प्राध्यापकांपैकी ज्यांनी पहाटेच्या एसटीत चालकामागच्या आसनावरून प्रवास केला आहे, त्यांनी हे दगड पाहिले असतीलच.

चालकांची आपसातील खबर

चालक बोलत नाहीत असे नव्हे. समोरून येणाऱ्याला 'डिपर' देणे, खिडकीतून हात खाली-वर हलवून वेग कमी करण्यास सांगणे, ढाब्यावर जेवताना पुढच्या घाटाची चौकशी करणे, ही खबर देण्याची जुनी व कार्यक्षम रीत आहे. आता तिच्या जोडीस मोबाइलवरील गट आले आहेत. या संकेतांचा अर्थ सांगावा लागत नाही आणि भाषेचा अडसरही त्यांना नाही. पंजाबातील चालकाने तमिळनाडूतील चालकाला दिलेला डिपर त्याला बरोबर कळतो.

तथापि याच मार्गाने जाणाऱ्या खबरेचा एक मोठा भाग वेगळाच असतो. पुढे तपासणी सुरू आहे, वजनकाटा लावला आहे, पोलीस उभे आहेत, हेही त्याच डिपरने सांगितले जाते. म्हणजे ज्या यंत्रणेला धोक्याची खबर मिळावी अशी अपेक्षा आहे, तीच यंत्रणा चालकांच्या संकेतांत एक धोका म्हणून नोंदलेली आहे. हा उपहासाचा विषय नाही. पोलीस व चालक यांच्यातील संबंध बहुतांशी दंड, कागदपत्रांची तपासणी आणि कधी कधी त्याहून अनौपचारिक व्यवहार एवढ्यापुरते राहिले, तर त्यातून दुसरे काही निष्पन्न होणे कठीण आहे.

कायद्याची स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ अन्वये अपघातात सापडलेल्या वाहनाच्या चालकाने जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व करावयाचे असते, आणि घटनेची माहिती नजीकच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांच्या आत, द्यावयाची असते. जमावाचा क्षोभ किंवा चालकाच्या नियंत्रणाबाहेरील अन्य कारणाने मदत करणे अशक्य झाल्यास तेवढ्यापुरती सूट आहे. कलम १८७ नुसार या कर्तव्यात कसूर केल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हे कर्तव्य स्वतःच्या वाहनाच्या अपघातासंबंधी आहे. रस्त्यात दिसलेल्या धोक्याची खबर देणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य नाही. विशिष्ट गंभीर गुन्ह्यांची माहिती पोलिसांस देण्याचे बंधन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ ने प्रत्येकावर घातले आहे, परंतु खचलेला भराव किंवा तुटलेला कठडा त्यात बसत नाही.

दुसरीकडे, मदत करणाऱ्यास संरक्षण देणारी तरतूद अलीकडे आली. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी केंद्र शासनाची या विषयावरील मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक ठरविली आणि २०१९ मध्ये कलम १३४-अ समाविष्ट झाले. त्यानुसार अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही. मात्र या संरक्षणाचा केंद्रबिंदू अपघातग्रस्त व्यक्ती आहे. अपघात होण्यापूर्वीच धोका कळविणाऱ्या चालकाचा विचार या कलमात केलेला नाही.

खबर देण्याचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने पुढे आला तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मुळे. निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत झालेला चालक पोलीस अधिकारी किंवा दंडाधिकारी यांस लगेच न कळविता निघून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास व दंड, असे या पोटकलमात म्हटले आहे. याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन-तीन दिवसांत देशभर ट्रक व टँकरचालकांनी काम बंद ठेवले. मनमाडजवळील इंधन डेपोंतून टँकर बाहेर पडेनासे झाले आणि अनेक शहरांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारी रोजी केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा करून, तिच्याशी विचारविनिमय केल्यावरच हे पोटकलम लागू करण्याचा निर्णय होईल असे आश्वासन दिले. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू करताना सदर पोटकलम वगळण्यात आले.

वृत्तपत्रांतून या आंदोलनाचे चित्र बहुधा 'पळून जाण्याची मुभा मागणारे चालक' असे रंगविले गेले. ते अपुरे होते. थांबलो तर जमाव मारील आणि निघालो तर कायदा पकडील, हा चालकांचा युक्तिवाद होता. पोटकलमाची शब्दयोजना पाहता निघून जाणे व न कळविणे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच वाढीव शिक्षा होते. अर्थात सुरक्षित अंतरावर जाऊन पोलिसांस कळविणारा चालक तिच्यातून सुटतो. तरीही चालकांना हा दिलासा वाटला नाही. आपण केलेला फोन आपल्या बाजूने नोंदला जाईल यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि हा अविश्वास शिक्षेची वर्षे कमी-जास्त करून दूर होणारा नाही.

खबर कोठे द्यावी

पोलीस मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ असे क्रमांक उपलब्ध आहेत. रस्ता मात्र राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राज्य रस्ते विकास महामंडळाचा किंवा जिल्हा परिषदेचा असू शकतो, आणि पोलीस हद्द महामार्ग पोलिसांची की स्थानिक ठाण्याची हे रात्री दोन वाजता परप्रांतीय चालकाने कसे ठरवावे? त्याला जागा विचारली जाते. तो म्हणतो, घाट उतरल्यावर दुसरे वळण. किलोमीटरचा दगड झुडपांत असतो.

आणखी एक व्यावहारिक विसंगती अशी की, वाहन चालविताना हातात मोबाइल धरून बोलणे २०१९ च्या दुरुस्तीनुसार कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात मोडते, आणि द्रुतगती मार्गावर मध्येच थांबणे हाच स्वतंत्र धोका आहे. म्हणजे खबर द्यावयाची तर पुढच्या टोल नाक्यापर्यंत किंवा ढाब्यापर्यंत जावे लागते. तेथे पोहोचेपर्यंत खेपेचा हिशेब डोक्यात सुरू झालेला असतो. खेपेवर मोबदला मिळणाऱ्या चालकाचा अर्धा तास कोणी भरून देत नाही.

दोन तुलना

रेल्वेत हीच गोष्ट वेगळ्या रीतीने बांधलेली आहे. धावत्या गाडीत रुळावर अनपेक्षित हिसका जाणवला तर लोको पायलटने पुढील स्थानकावर थांबून स्टेशन मास्तरला कळविणे बंधनकारक असते. त्यानंतर त्या भागाची खात्री होईपर्यंत मागची गाडी नेहमीच्या वेगाने सोडली जात नाही, तिच्या चालकास सतर्कता आदेश दिला जातो. येथे खबरेला ठरलेला पत्ता आहे आणि तिच्यामुळे लगेच काहीतरी घडते. रस्त्याची तुलना रेल्वेशी तंतोतंत होणार नाही हे उघड आहे, कारण रस्त्याला एक स्टेशन मास्तर नाही. परंतु एका कामगाराचे म्हणणे ऐकून वाहतुकीचा वेग बदलू शकतो, ही कल्पना या देशात नवी नाही.

विमान वाहतुकीतील उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांचे सुरक्षाविषयक अहवाल नासा ही संस्था स्वीकारते, दंड करणारी विमान वाहतूक यंत्रणा नव्हे. अहवाल देणाऱ्याची ओळख काढून टाकली जाते आणि अनवधानाने घडलेल्या उल्लंघनाबद्दल, दहा दिवसांत अहवाल दिल्यास, ठरावीक मर्यादेत दंड माफ होतो. ऐकणारा व शिक्षा करणारा यांना वेगळे ठेवणे, हे या पद्धतीचे मर्म आहे.

ट्रकचालकांसाठी त्याच देशात 'हायवे वॉच' हा उपक्रम १९९८ मध्ये तेथील ट्रक वाहतूकदारांच्या राष्ट्रीय संघटनेने सुरू केला. प्रशिक्षित चालकांनी अपघात, बंद पडलेली वाहने व रस्त्यातील अडथळे कळवावेत असा मूळ हेतू होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर त्याचे स्वरूप पालटले. २००४ पासून केंद्रीय सुरक्षा निधी मिळू लागला आणि चालकाकडून संशयित व्यक्तींवर नजर ठेवण्याची अपेक्षा होऊ लागली. पुढे 'फर्स्ट ऑब्झर्व्हर' या उपक्रमाने त्याची जागा घेतली. माझ्या मते हा बदल आपल्यासाठी बोधप्रद आहे. सांडलेल्या डिझेलविषयी सांगणारा चालक जाणकार असतो. माणसांविषयी सांगू लागलेला चालक बहुधा स्वतःचे पूर्वग्रह सांगतो.

नोंदीचे मूल्य

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९८-अ नुसार रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल यांतील कसुरीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण किंवा कंत्राटदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा प्रकरणात धोका आधी कळविला होता काय, हा प्रश्न निर्णायक ठरू शकतो. तारीख, वेळ व जागा यांसह नोंदलेली चालकाची खबर येथे पुरावा होते. डिपर पुरावा होत नाही.

प्रारंभ करावयाचा झाल्यास तो एसटी आगारातून करणे सोयीचे ठरेल. तेथील चालक त्याच मार्गावर वारंवार जातो आणि परतल्यावर वाहनातील दोष सांगतो. त्याच वेळी रस्त्याचा दोष विचारून घेतला आणि तो चालकाच्या नावाशिवाय, आगाराच्या नावाने, पोलीस व रस्ता प्राधिकरण यांस एकाच दिवशी पाठविला, तर हद्दीचा प्रश्न चालकाकडून आगाराकडे जाईल. महाविद्यालयांच्या भूगोल व समाजशास्त्र विभागांना अशा नोंदी नकाशावर मांडण्याचे काम सहज करता येईल. त्यापुढची अट एकच आहे, आणि ती पोलिसांनी पाळावयाची आहे: काय कळविले होते व त्यावर काय झाले, याचा कागद आठवड्याच्या आत आगाराच्या सूचना फलकावर परत आला पाहिजे, मग त्यावर 'कार्यवाही झाली नाही' असे लिहिलेले असले तरी चालेल.