आज्ञाधारक यंत्राच्या चुका

माणूस चुकतो, यंत्र चुकत नाहीं, अशी आपली एक समजूत झालेली आहे. गेल्या पावसाळ्यांत भाईंदरजवळील डोंगरी गांवीं जें पाहावयास मिळालें, त्यानें माझी ही समजूत पार दूर झाली. त्यापासून घेण्याजोगा बोध केवळ कारागिरांपुरता नसल्यामुळें तो वाचकांपुढें ठेवीत आहें.

बेथलेहेम मातेच्या चर्चमुळें ओळखल्या जाणाऱ्या या गांवांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा लांकूडकामाचा लहानसा कारखाना आहे. संगणकाच्या आज्ञेनें लांकूड कोरणारें सीएनसी राउटर त्यानें घेतलें आहे. आमचें कोंकणांतील घर उतरवितांना माजघराच्या दाराची एक सागवानी फळी मीं राखून ठेविली होती. तिजवर विठ्ठलमूर्तीचा उठाव कोरवून ती देवघरांत बसवावी, अशी घरांतून इच्छा होती. फळी एकच, ती बिघडल्यास दुसरी कोठून आणावी? म्हणून प्रथम साध्या लांकडावर नमुना काढविला.

नमुना पाहून मन खट्टू झालें. मूर्तीमागील प्रभामंडळ वाटोळें हवें, त्याचा आडवा व्यास १२० मिलिमीटर, तर उभा ११९.७. शिवाय श्रीमुखावर पायऱ्यापायऱ्या राहिलेल्या आणि नाक बोथट. विद्यार्थी म्हणाला, “सर, संगणकांतला आंकडा थोडा वाढवून पाहतों.” मी म्हणालों, “थांब. रोग कळण्याआधीं मात्रा देऊं नकोस.”

येथें यंत्राची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. आंकड्यांच्या हुकमानें चालणारें असें यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेनें १९५२ सालीं प्रथम लोकांस दाखविलें. लहान राउटरांत बहुधा स्टेपर मोटर असते. ती एका फेऱ्यांत २०० पावलें टाकते. त्या प्रत्येक पावलाचे विजेच्या साहाय्यानें १० भाग पाडले, तर फेऱ्याचे २,००० ठोके होतात. मळसूत्र एका फेऱ्यांत ५ मिलिमीटर सरकवीत असेल, तर एका मिलिमीटरास ४०० ठोके पडतात. संगणक ठोके मोजून पाठवितो. पण हत्यार खरोखर तितकें सरकलें कीं नाहीं, हें अशा साध्या यंत्रांत कोणीही पाहत नाहीं. डोळे बांधून पावलें मोजणाऱ्या माणसासारखी ही स्थिति आहे.

न्यायशास्त्रांत कारण ठरविण्यासाठीं अन्वय आणि व्यतिरेक सांगितले आहेत: एक असतां दुसरें असतें काय, आणि एक नसतां दुसरें नाहींसें होतें काय? आम्हीं हीच कसोटी धरिली आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, असा नियम केला.

पहिली चूक प्रमाणाची. हत्यार एकाच दिशेनें ५०० मिलिमीटर चालवावें आणि मोजावें. तें ४९८ भरल्यास ४०० ठोक्यांस ५०० नें गुणून ४९८ नें भागावें, म्हणजे सुमारें ४०१.६ हा योग्य आंकडा येतो. आमचें माप बरोबर ५०० आलें. म्हणजे विद्यार्थी जो आंकडा बदलणार होता, तोच काय तो निर्दोष होता!

दुसरी चूक दिशा पालटतांना होणारी. तीस कारागीर बॅकलॅश म्हणतात. डायल गेज लावून हत्यार एका दिशेनें सरकवावें आणि मग उलट फिरवावें. कांटा जितका वेळ स्वस्थ राहील, तितकी मधली ढिलाई समजावी. उभ्या दिशेंत ती ०.३ मिलिमीटर निघाली. मोटर आणि मळसूत्र यांस जोडणाऱ्या कपलिंगचा एक स्क्रू सैल झाला होता. तो आवळतांच प्रभामंडळ वाटोळें झालें.

तिसरी चूक पावलें हुकण्याची. काम संपल्यावर हत्यार मूळ स्थानीं अचूक न परतल्यास, अति वेग, बोथट हत्यार किंवा भुश्यानें जड झालेले मार्ग यांचा संशय घ्यावा आणि वेग निम्मा करून पाहावें. आमचें हत्यार बरोबर परतलें. यंत्र काटकोनांत आहे कीं नाहीं, हें बौधायनाच्या शुल्बसूत्रांतील प्राचीन नियमानेंच पाहिलें: भुजा ६०० व ८००, तर कर्ण १,०००.

उरली मुखावरील पायऱ्यांची चूक. उठावाच्या कामांत जाड हत्यारानें आधीं ओबडधोबड कोरतात. मग गोल तोंडाच्या बारीक हत्यारानें साफ करतात. हत्यार बदललें कीं उंचीचें शून्य पुन्हां घ्यावें लागतें. त्या वेळीं मापाच्या पट्टीखालीं लांकडाची एक बारीक ढलपी अडकली होती. जाड हत्यारानें अर्धा मिलिमीटर लांकूड राखलेलें, आणि ढलपीची जाडी त्याहून अधिक. मग बारीक हत्यार मुखाला न शिवतां हवेंतच फिरलें! यापुढें पट्टी पुसूनच ठेवावयाची, आणि शून्य कोरलेल्या भागावर न घेतां अस्पर्श कोपऱ्यावर घ्यावयाचें, असें ठरलें. गोल हत्याराचा व्यास ६ मिलिमीटर असेल, तर शेजारच्या दोन रेघांत ०.६ चें अंतर ठेवल्यास मधला उंचवटा ०.०१५ मिलिमीटरच राहतो, १.५ चें ठेवल्यास तो ०.०९ पेक्षां अधिक होतो आणि बोटांस लागतो.

पावसाळी हवेनें लांकूड रेषांच्या आडव्या दिशेंत फुगतें. म्हणून फळी कांहीं दिवस कारखान्यांतच ठेवून, तिची पाठ सपाट करून मग यंत्रावर बसविली. आज विठ्ठल आमच्या देवघरांत उभा आहे.

परत निघतांना विद्यार्थी हंसून म्हणाला, “सर, आठवतें? माझीं सर्व गणितें चुकत, आणि तुम्हीं तांबड्या शाईनें उत्तरें दुरुस्त करीत असां.” आठवत होतें. त्यास फळ्यावरचे आंकडे नीट दिसतच नव्हते. हें मला चार महिन्यांनीं, त्याच्या आईनें चष्मा आणल्यावर, कळलें. उत्तर सुधारणें सोपें असतें. चूक कोठून उगम पावली हें पाहावयास उठून मुलाच्या बांकापर्यंत जावें लागतें. तेव्हां मी उठलों नाहीं, याची खंत डोंगरीहून येतांना मनांत होती.