जरा जास्तच डावीकडे!

हृदय डावीकडे असतं, हे शाळेत शिकलो होतो. माझं जरा जास्तच डावीकडे आहे, हे मात्र नव्या नोकरीच्या मेडिकलमध्ये कळलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, 'इको करून घ्या.' झालं, झोप उडाली! तशी तक्रार एकच. डाव्या कुशीवर झोपलं की छातीत टोचायचं. मी ते अ‍ॅसिडिटीच्या खात्यावर टाकलं होतं.

इकोवाल्या मॅडमना हृदय नेहमीच्या जागी सापडेचना. सापडलं ते पार काखेकडे, झोपाळ्यासारखं हलताना! उजवा कप्पाही मोठा दिसत होता. 'खरंच मोठा झालाय की हृदय फिरल्यामुळे तसा दिसतोय, ते एमआरआय सांगेल,' त्या म्हणाल्या.

हृदयाभोवती पेरिकार्डियम नावाची पातळ पिशवी असते. ती हृदयाला जागेवर धरून ठेवते. फार क्वचित कुणाला ती जन्मतःच अपुरी असते, बहुतेकदा डाव्या बाजूची. याची पहिली नोंद १५५९ सालची, इटालियन शरीरशास्त्रज्ञ रिआल्डो कोलंबो यांची.

गंमत बघा, डावी बाजू पूर्ण नसेल तर सहसा काही बिघडत नाही. पण नुसतं भोक असेल, तर त्यातून हृदयाचा भाग बाहेर येऊन अडकू शकतो. ते जिवावर बेतू शकतं, ऑपरेशनही लागतं. म्हणजे मी चक्क 'पिशवी नसू दे' असं मनात म्हणत एमआरआयच्या बोगद्यात शिरलो!

'श्वास घ्या, सोडा, रोखा...' पाऊणएक तास हेच. निरोगी पेरिकार्डियम चरबीच्या दोन थरांमधली काळी रेघ म्हणून दिसतं, जाडी दोन मिलिमीटरहून कमी. डावीकडे ती रेघ धडधाकट माणसातही नीट दिसत नाही. म्हणून डॉक्टर आणखी एक खूण शोधतात : महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या फटीत फुप्फुस घुसलंय का? माझं घुसलं होतं. डावी बाजू पूर्ण गायब, उजवा कप्पा नॉर्मल. याच्या जोडीला कधीकधी हृदयाचे इतर जन्मजात दोष असतात, तेही नव्हते. ऑपरेशन नाही!

आई म्हणाली, 'तुझं चित्त कधी थाऱ्यावर नव्हतंच.'

डाव्या कुशीवर दुखलं म्हणजे हेच, असं मुळीच नाही. पण छातीतलं दुखणं अ‍ॅसिडिटीवर ढकलू नका. आणि माझ्यासारखे असाल, तर रिपोर्टची कॉपी जवळ ठेवा. आपला ईसीजी बघून नवा डॉक्टर हमखास दचकतो!