दिवाळीच्या रंगाआधी तळघराची भिंत पाहा

तळघरातली ओल तपासायची सर्वांत चांगली वेळ म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस ओसरलेला असतो. पण मुरलेलं पाणी विहिरींत वर चढलेलं असतं आणि भूजलाची पातळी वर्षात सर्वांत उंच याच सुमाराला असते. आपण मात्र दिवाळीआधी याच दिवसांत पोपडे खरवडून डिस्टेंपर फासतो आणि चार महिन्यांत भिंतीनं दाखवलेलं सगळं पुसून टाकतो. रंगाऱ्याला बोलावण्याआधी एक सकाळ तळघराला द्यावी, असं मला कळकळीनं सांगायचं आहे.

नंदुरबार जिल्ह्यात हे जास्त लागू पडतं. शहादा, तळोदा, नंदुरबार या तालुक्यांत तापीकाठी खोल काळी जमीन आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला आत रेटते. वैशाखात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचं पहिलं पाणी त्या भेगांतून थेट पायापर्यंत उतरतं. नवापूर, धडगावकडे पाऊस जास्त आणि माती पातळ. तिथं पाणी खालच्या काळ्या खडकावरून वाहत येऊन भिंतीशी अडतं. प्रकाशा, सारंगखेडा बॅरेज आणि उकाई धरणाच्या फुगवट्यालगत तर हिवाळ्यातही जमिनीत पाणी टिकतं. पूर्वी गावठाण उंचवट्याच्या पांढरीवर आणि शेती काळीत असायची. आज काळीतलं शेत बिनशेती करून प्लॉट पडतात आणि तिथंच तळघर खोदलं जातं. ओलीचा प्रश्न बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो.

ओल कुठून येते, हे ती केव्हा येते यावरून ओळखता येतं. सर पडून तासा-दोन तासांत भिंत भिजली, तर दोष वरच्या पाण्याचा: पन्हाळीचं पाणी पायाशी पडतंय किंवा अंगणाचा उतार घराकडे आहे. पाऊस ओसरू लागल्यावर, भाद्रपद-आश्विनात, फरशी आणि भिंतीच्या सांध्यातून पाणी झिरपू लागलं, तर ते भूजल. जवळच्या विहिरीत दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते मोजा आणि तळघराच्या फरशीच्या खोलीशी ताडून पाहा. भर मे महिन्यातही एकच डाग ओला राहत असेल, तर नळाची पाइपलाइन, पाण्याची टाकी किंवा शोषखड्डा तपासा. तिथं वॉटरप्रूफिंगवर खर्च करणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

कधी कधी ओल बाहेरून आलेलीच नसते. दमट हवा थंड भिंतीला लागून घाम धरते. हे ओळखायला प्लॅस्टिकचा हातभर तुकडा कोरड्या पुसलेल्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर हवा खेळती करा. भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय.

पांढरी, मिठासारखी पूड म्हणजे लोणा. पाणी भिंतीतले क्षार घेऊन बाहेर येतं, स्वतः उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. लोणा पुसल्यावर पुन्हा आला, तर पाझर चालू आहे. कोपऱ्यातला कुबट वास, दाराच्या चौकटीचा फुगलेला खालचा भाग, पत्र्याच्या कोठीच्या बुडाला आलेला गंज यांनाही तेवढंच महत्त्व द्या. अशा तळघरात मिरची किंवा ज्वारी ठेवू नये. दमट साठ्यात बुरशी धरते आणि काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. मिरचीच्या या जिल्ह्यात हे विसरून चालणार नाही.

दोन खुणा दिसल्या तर थांबू नका. भिंतीच्या मध्यावर आडवा तडा आणि आत आलेलं पोट: हा मातीचा रेटा आहे, इथं आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा. दुसरी, काँक्रीटवर तपकिरी ओघळ: आतली सळई गंजतेय. विजेचा बोर्ड ओल्या भिंतीवर असेल तर आधी मेन स्विच बंद करा.

दुरुस्ती बाहेरून आत करावी, असं माझं ठाम मत आहे. फरशीपेक्षा पाणी दोन मीटर वर चढलं असेल, तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे दोन टन दाब येतो. आतून लावलेला रंग तो कसा पेलणार? आधी पन्हाळ आणि उतार सुधारावा. मग भिंतीबाहेर चर खणून तळाशी छिद्रांचा पाइप आणि खडी घालावी, पाणी दूर काढावं आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लेप द्यावा. शेजारच्या भिंतीमुळे बाहेर खणता येत नसेल, तरच आतून काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक धरणारा लेप आणि तळाला पाणी गोळा करून उपसणारा खड्डा. धाब्याच्या जुन्या घरांच्या माती-चुन्याच्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करू नये. कोंडलेली ओल आणखी वर चढते.

लेपाचं काम भिंत सर्वांत कोरडी असताना, फाल्गुनापासून वैशाखापर्यंत करावं. आता डागांच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा, मोबाइलवर फोटो घ्या आणि गवंड्याला तेच दाखवून काम ठरवा. तळघराचा रंग तोवर थांबू द्या.