नवा कोपरारक्षक किती पकडी करील?

आमच्या बागलाणात यात्रेतल्या कुस्त्यांना जोड लावणारी मंडळी असतात. त्यांचं कामच अंदाजाचं. परगावचा अनोळखी पोरगा आखाड्याच्या कडेला येऊन उभा राहतो. ही मंडळी त्याची मान, मांड्या, चुरगळलेले कान बघतात. तालीम कुठली, वस्ताद कोण, एवढं विचारतात आणि कुस्ती कितीची लावायची ते ठरवतात. अंदाज चुकला तर दोन-चार मिनिटांत सगळ्या गावासमोर उघडा पडतो. प्रो कबड्डीच्या लिलावात हेच चालतं, फक्त निकाल कळायला अख्खा मोसम जावा लागतो. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये तर या अंदाजाभोवती मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. तिथे दर वसंतात एकच प्रश्न चघळला जातो : हा नवा डिफेन्सिव्ह एन्ड पहिल्याच मोसमात काय करील? आपल्याकडे हा प्रश्न विचारायचा तर तो कबड्डीच्या कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या नव्या पोराबद्दल विचारायला हवा.

कोपरारक्षकाचं काम जरा जवळून पाहू. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा आणि त्यामागे शेवटच्या रेषेपर्यंत अवघे १.७५ मीटर. एवढ्या पट्टीत कोपरारक्षकाला दबा धरून राहायचं असतं. चढाईपटू बोनस घ्यायला येतो तेव्हा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवतो आणि त्याच वेळी त्याचा मागचा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे निमिषभर सगळा भार एकाच पायावर. चांगला कोपरारक्षक त्या निमिषाची वाट बघतो. खाली झेपावतो, दोन्ही हातांनी घोटा धरतो, आणि शहाणा असेल तर तिथे खेचाखेची करत बसत नाही. घोटा आपल्या छातीशी घेऊन अंग मागे टाकतो. तोवर शेजारचा मध्यरक्षक चढाईपटूच्या कमरेवर आलेला असतो. हे सगळं दीड-दोन सेकंदांत. हात अर्धा क्षण आधी गेला तर चढाईपटू पाय उचलून उडी मारतो, उशिरा गेला तर बोनसही गेला आणि अंगाला स्पर्शही झाला.

पदार्पणातच यात कमाल केलेली दोन नावं लगेच आठवतात. प्रो कबड्डीच्या आठव्या मोसमात पटणा पायरेट्सनं इराणच्या मोहम्मदरेझा शाडलूईला ३१ लाखांत घेतलं. डावा कोपरा. त्यानं पहिल्याच मोसमात पकडीचे ८९ गुण मिळवले, त्या मोसमातले सर्वाधिक. पुढच्याच मोसमात जयपूर पिंक पँथर्सचा अंकुश राठी आला. तोही डावा कोपरा, तोही नवखा, आणि त्याचेही नेमके ८९. दहाव्या मोसमात दबंग दिल्लीच्या योगेश दहियानं पदार्पणात ७४ गुण केले. या आकड्यांचं वजन कळण्यासाठी एक माप सांगतो : एका मोसमात पकडीच्या गुणांची शंभरी गाठणारा पहिला खेळाडू यूपी योद्धाचा नितेश कुमार, सहाव्या मोसमात, आणि तो तेव्हा नवखा नव्हता.

आता या ८९ च्या आजूबाजूला कोण उभं होतं ते बघा. शाडलूईच्या पटण्याकडे सुनील, नीरज कुमार, साजिन असा घट्ट बचाव होता आणि प्रशिक्षक होते राम मेहर सिंग. तो संघ अंतिम फेरीत गेला आणि दिल्लीकडून ३६-३७ असा एका गुणानं हरला. अंकुशच्या जयपूरकडे सुनील कुमार आणि साहुल कुमार हे मुरलेले बचावपटू, शिवाय इराणचा रझा मीरबघेरी. तो संघ अजिंक्य ठरला. अंतिम फेरीपर्यंत गेल्यामुळे दोघांना सामनेही जास्त मिळाले. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. आठवा मोसम करोनामुळे सबंध बेंगळुरूत, प्रेक्षकांविना झाला. पहिल्यांदा मोठ्या मैदानात उतरणाऱ्या पोरावर हजारो लोकांच्या आरडाओरडीचं जे दडपण येतं, ते त्या वर्षी कुणावरच नव्हतं. शाडलूईनं पुढे पुणेरी पलटणकडून प्रेक्षकांसमोर ९९ गुण केले, तेव्हा त्याच्या बाबतीत ही शंका मिटली. पण पहिल्या मोसमाचा आकडा वाचताना तो कुठल्या परिस्थितीत जमला हे बघायला हवंच.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये कोपरारक्षकासारखं काम डिफेन्सिव्ह एन्ड करतो. बचावफळीच्या अगदी टोकाला उभा राहायचं, समोरच्या सव्वाशे-दीडशे किलोच्या पहारेकऱ्याला चुकवून वळसा घ्यायचा आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकीआधी खाली पाडायचं. वेळ साधारण अडीच-तीन सेकंद. या पाडण्याला सॅक म्हणतात, आणि त्याची अधिकृत नोंद १९८२ पासून ठेवली जाते. महाविद्यालयातून आलेल्या खेळाडूंची निवड होण्याआधी इंडियानापोलिसला त्यांची मापं घेतली जातात. ४० यार्डांची धाव, जागेवरून उंच उडी, हाताची लांबी, १०२ किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलतो, सगळं कागदावर येतं. २००८ साली व्हर्नन घोलस्टन नावाच्या पोरानं तो बार ३७ वेळा उचलला. शरीर असं की बघणाऱ्यानं बघत राहावं. न्यूयॉर्क जेट्सनं त्याला सहाव्या क्रमांकावर उचललं. तीन मोसम तो त्यांच्याकडे होता आणि त्याच्या नावावर एकही सॅक नाही. एकही नाही! उलट २०१९ मध्ये मॅक्स क्रॉस्बीचा नंबर लागला १०६ वा. त्यानं पहिल्याच मोसमात १० सॅक केले. पदार्पणाचा विक्रम अजून जेव्हॉन कर्सच्या नावावर आहे, १९९९ साली टेनेसीकडून साडेचौदा. अर्धा कसा, असं कुणी विचारील. दोघांनी मिळून पाडलं की प्रत्येकाला अर्धा.

मारिओ विल्यम्सचं प्रकरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. २००६ मध्ये ह्यूस्टननं त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि गावभर बोंब झाली, कारण लोकांना रेजी बुश हवा होता. पहिल्या मोसमात विल्यम्सचे सॅक साडेचार. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. दुसऱ्या मोसमात चौदा. पोरगा तोच. मग अंदाज चुकला होता, की पहिल्या मोसमाचा आकडाच फसवा होता?

इथे थोडं गणित केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. समजा, एखाद्या एन्डची खरी कुवत मोसमाला ८ सॅकची आहे. सॅक ही मुळात दुर्मीळ घटना, आणि ती घडते की नाही यात नशिबाचा वाटा मोठा. अशा वेळी कुवत तसूभर न बदलता त्याचा आकडा एखाद्या मोसमात ३ वर थांबू शकतो आणि एखाद्यात १३ वर जाऊ शकतो. वीसपैकी एकोणीस मोसम या टप्प्यात बसतील, म्हणजे टप्पा किती ऐसपैस ते बघा. ३ वाल्याला लोक टाकाऊ ठरवणार आणि १३ वाल्याला डोक्यावर घेणार, आणि दोघं एकच असू शकतात.

कबड्डीत चित्र जरा बरं आहे. कोपरारक्षक २० सामने खेळला आणि सामन्याला पकडीचे चार प्रयत्न केले तर मोसमात ८० प्रयत्न होतात. त्यातले निम्मे यशस्वी करण्याची त्याची कुवत असेल तर ४० पकडी होतील, आणि नशिबाचा खेळ त्यांना ३१ ते ४९ यांच्यात हलवील. म्हणजे कबड्डीतला पहिला मोसम पोराबद्दल बरंच खरं सांगतो, अमेरिकेतला कमी सांगतो. माझं मत असं की आपल्याकडच्या संघमालकांना अमेरिकी मालकांपेक्षा अंदाज बांधणं सोपं जायला हवं. तरीही लिलावात जे आकडे ऐकू येतात ते पाहता या सोयीचा फायदा सगळे घेतात असं वाटत नाही.

पण एक फरक कबड्डीला अवघड करतो. अमेरिकेतला एन्ड फसला तरी पुढच्या डावाला पुन्हा आपल्या जागी उभा असतो. कबड्डीतली पकड फसली की बचावपटू बाद. आपल्या संघानं गुण मिळवून त्याला परत आत आणेपर्यंत तो बाहेर बसून राहणार, आणि तेवढ्या वेळात त्याचे पुढचे प्रयत्नही गेले. म्हणून घाई करणाऱ्या पोराचा तोटा दुप्पट होतो. आमच्याकडे तालुक्याच्या स्पर्धेत मैदानाकडेला उभे असलेले जुने खेळाडू एखाद्या नव्या पोराबद्दल एवढंच बोलतात : "पोऱ्या भारी शे, पन घाई करस." लिलावाआधी कुणी कितीही चित्रफिती बघो, या वाक्यात आहे त्यापेक्षा जास्त काही त्यातून निघेल का, मला शंका आहे.

ही घाई मोजता येते. पुढच्या वेळी शालेय स्पर्धा असो की गावची, वही घेऊन बसा आणि कोपऱ्यातल्या एकाच पोरावर नजर ठेवा. त्यानं पकड घातली तर चढाईपटूचा भार कुठल्या पायावर होता ते लिहा. चढाईपटू पुढे येत होता की परत फिरत होता, ते लिहा. शेजारच्याचा हात त्याच्या हातात होता का, आणि शेजारचा मदतीला किती लवकर आला, तेही लिहा. गुण मिळाला की नाही हे शेवटी. गुण न मिळालेली पण योग्य वेळी घातलेली पकड ही गुण मिळालेल्या आंधळ्या झेपेपेक्षा पुढच्या मोसमाबद्दल जास्त सांगते. अमेरिकेतले जाणकारही आता नुसते सॅक मोजत नाहीत. क्वार्टरबॅकवर किती वेळा दबाव आणला ते मोजतात, कारण तो आकडा वर्षागणिक कमी हेलकावे खातो.

अव्वल पकडीनं हिशेब आणखी गुंततो. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना पकड झाली तर दोन गुण. म्हणजे संघ दुबळा, सतत लोणाच्या छायेत असलेला, तर त्याच्या कोपरारक्षकाला दोन-दोन गुणांची संधी जास्त वेळा मिळते. त्याचा आकडा फुगतो आणि दुसऱ्या वर्षी बलाढ्य संघात गेला की तोच आकडा बसतो. लोक म्हणतात, पैसा चढला. पैशाचा काही संबंध नसतो.

संधी ही तर सगळ्यांच्या वरची गोष्ट. आज ज्याच्या नावावर एका मोसमात चढाईचे ३६९ गुण आहेत तो परदीप नरवाल दुसऱ्या मोसमात बेंगळुरूकडून आला तेव्हा त्याला जेमतेम काही सामने मिळाले आणि दोन आकडी गुणही झाले नाहीत. पवन सेहरावत पाचव्या मोसमात गुजरातकडे बहुतेक वेळ बाकावर बसून होता. पुढच्याच मोसमात बेंगळुरूनं त्याला मोकळा सोडला आणि त्यानं २७१ गुण केले. याच सहाव्या मोसमात कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून उतरला. ३६.४ लाखांचा नवखा गडी, पण संघानं पहिल्या सामन्यापासून त्यालाच मुख्य चढाईपटू केलं. २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण, आणि पुढच्या लिलावात किंमत १ कोटी ४५ लाख. त्याच्या अंगात ताकद होतीच. पण ती दाखवायला रोज मैदान मिळालं म्हणून ती दिसली.

आपल्या महाराष्ट्राची गंमत अशी की पहिल्याच मोसमात गाजलेली आपली नावं बहुतेक चढाईपटूंची. दहाव्या मोसमात अजिंक्य ठरलेल्या पुणेरी पलटणमध्ये आमच्या नाशिकचा आकाश शिंदे होता, तोही चढाईपटू. गिरीश एर्नाक डाव्या कोपऱ्यात, शुभम शिंदे उजव्या कोपऱ्यात, असे आपले कोपरारक्षक आहेत, पण ते कळत-नकळत मुरत गेलेले. याला एक कारण मातीचं असावं. आपल्याकडची बरीच पोरं मातीवर, अनवाणी शिकतात. मातीत पाय थोडा सरकतो, चढाईपटूलाही वेग बेतानं लावावा लागतो. मॅटवर बूट घट्ट पकडतो, चढाईपटू कातर मारावी तसा वळतो, आणि मातीवर जी झेप वेळेत पोचायची ती मॅटवर वीतभर मागे पडते. चढाईपटू आपला वेग स्वतः ठरवतो, त्यामुळे तो मॅटला लवकर सरावतो. कोपरारक्षकाला दुसऱ्याच्या वेगावर डोळा जमवावा लागतो, त्याला वेळ लागतो. म्हणून मातीवरून आलेल्या कोपरारक्षकाचे पहिल्या मोसमातले सुरुवातीचे सामने मी अंदाजातून जवळजवळ वगळतो.

उत्तरार्धातले सामने मात्र बारकाईनं बघतो. तोवर प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्या चित्रफिती पाहून झालेल्या असतात. तो घोट्यावर जातो हे कळलं की चढाईपटू पाय पुढे टाकून लगेच मागे घेतात आणि त्याच्या झेपेची वाट बघतात. काही पोरं इथेच अडकतात. काही मांडीची पकड, धक्का, परतणाऱ्या चढाईपटूचा पाठलाग अशी दुसरी हत्यारं काढतात.

पुढच्या लिलावानंतर मला कुणी विचारलं की अमुक संघाचा नवा डावा कोपरा किती करील, तर मी आधी संघाच्या यादीत त्याच जागेवर दुसरं कोण आहे ते बघीन. मग त्याच्या शेजारचा मध्यरक्षक किती मोसम खेळलेला आहे ते. मग सामने मोजीन, कारण बाराव्या मोसमात साखळीत संघाला १८ च सामने होते, आधी २२ असत, आणि चार सामने कमी म्हणजे दहा-बारा गुण सहज कमी. जागा पक्की, शेजारी मुरलेला, अंग धड राहिलं, तर ३५ ते ५५. जागेसाठी दुसरा कुणी स्पर्धेत असेल तर पंधराही होतील आणि त्यात पोराचा दोष नसेल. ८९ म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही, पण त्याला मोसम संपल्यावर तो आकडा आठवून देईन.